मऊ प्रकाश आणि धूसर फोटो यांत फरक आहे

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचे फोटो सुंदर दिसतात ते ‘मेकअप आणि सॉफ्ट फोकस फिल्टरमुळे’, हे तुम्ही छापलेल्या त्यांच्यावरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. असा फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची काच, उजळ भाग पसरवतो आणि त्वचेचा पोत पुसून टाकतो. प्रकाशाचा स्रोत मोठा आणि चेहऱ्याच्या जवळ असेल तर सावलीची कड विरघळते, पण पापणीचा केस न् केस स्पष्ट राहतो. १९९७ साली आलेल्या त्यांच्या ‘फेसेस’ या पुस्तकातले डोळे नीट पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. लाइट लावणं तसं लवकर शिकता येतं हो! समोरचा माणूस मोकळा होणं, तिथे खरा कस लागतो. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार फोटोला बसले की खांदे ताठ, जबडा आवळलेला. मी कॅमेरा बाजूला ठेवून ‘काका, छाटणी उरकली का?’ एवढंच विचारतो. बोलता बोलता खांदे खाली येतात, मग क्लिक. राजाध्यक्ष तर ‘चंदेरी’ या सिनेविषयक नियतकालिकाचे संपादक, ‘बेखुदी’ सिनेमाचे लेखक. नटनट्यांशी त्यांच्या कामाबद्दल जाणतेपणाने बोलू शकणारा माणूस कॅमेऱ्यामागे होता. त्यांच्या लेखनाबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं. पुढच्या भागात तेवढं जरूर घ्या.