चौदाव्या दिवसापासून

आमच्या देवगडकडच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चालू आहे. निमित्त एवढंच, की ग्रामसभेत आशाताईंनी एक सूचना मांडली. ज्या घरात कोणी गेलं असेल तिथे महिन्याभराने एक फेरी मारावी, माणूस जेवतोय का, झोपतोय का, गोळ्या घेतोय का ते बघावं, आणि टेलि-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर लिहून द्यावा. त्यावर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, लिहिलं: "आपल्याकडे कोण गेला तर अख्खी वाडी येता. फोनार रडूक आपण काय गोरे?" खाली बावीस अंगठे. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये बसच्या वरच्या मजल्यावर बसून मी ते मोजले.

वाडी येते, हे खोटं नाही. आई वैशाखात गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा आमची चूल बंदच होती, पण पडवीत चार घरांची पातेली होती. सरणाची लाकडं कोणी आणली, भटजींना कोणी सांगितलं, हे मला आजही ठाऊक नाही. इथे माझ्या शेजारच्या आजोबांची बायको गेली तर फ्युनरलला एकोणीस दिवस लागले आणि तोवर त्यांच्या दारात मी एकटाच डाळभात घेऊन गेलो. डबा दोन दिवसांनी घासूनपुसून परत आला, आत थँक्यू कार्ड. तेव्हा, दादा, तुझ्या वाडीला मी नावं ठेवत नाही. मृत्यूची नोंद करताना मात्र त्या आजोबांना 'टेल अस वन्स' ह्या सरकारी सेवेमुळे एकदाच सांगावं लागलं, बहुतेक सरकारी खात्यांना तीच कळवते. मी वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे चार खेपा घातल्या. (हे इथे काढायला नको होतं. पण निघालं.)

माझं म्हणणं चौदाव्या दिवसाबद्दल आहे. तेराव्याचं जेवण झालं की चाकरमानी गाडी पकडतात, वाडीतली माणसं भाताच्या तयारीला लागतात. मग पाऊस सुरू होतो, आणि घरात एक म्हातारा माणूस आणि रेडिओ.

बाबा पाच महिन्यांत गेले, दसऱ्याच्या आधी. मधे गणपतीत गजबज झाली होती, ती ओसरली. बीपीच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या नंतर डब्यात न फोडलेल्या सापडल्या. वाडी म्हणाली, जोडीनं गेले, भाग्याचे. मलाही ते ऐकून बरं वाटलं होतं. पुढे इथे कळलं, की ह्या भाग्याची कोणीतरी मोजदाद करून ठेवलीय. कॉलिन मरे पार्क्स ह्या मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1969 साली 55 आणि त्यावरच्या वयाच्या 4,486 विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले 213 पहिल्या सहा महिन्यांत गेले होते. त्या वयाच्या विवाहित पुरुषांत अपेक्षित असतं त्यापेक्षा हे प्रमाण 40 टक्क्यांनी जास्त होतं. आपण बाळंतिणीच्या घरी आशाताईंना पाठवतो. मग विधुराच्या घरी का नको? मलेरियाच्या गोळ्यांसारखंच हे आरोग्य खात्याचं काम आहे, ह्यात गोऱ्यांचं काय?

शिवाय वाडी येते म्हणजे काय काय घेऊन येते, तेही बोलू. दादाच्याच आईच्या, माझ्या काकीच्या, बांगड्या पहिल्याच दिवशी फोडल्या त्या ह्याच वाडीने. मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांसाठीच्या ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. काकीला त्याचा काय उपयोग? आणि 22 जुलै 2021 ला रायगडमधल्या तळियेत दरड खाली आली, 80 हून अधिक माणसं गेली. जिथे वाडीच दरडीखाली गेली, तिथे कोण कोणाकडे पातेलं घेऊन येणार?

हे सगळं मी ग्रुपवर का लिहीत नाही, ते सांगतो.

आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. अर्धा तास झाला. आईचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दादा कानाशी म्हणाला, सांगून टाक. मी मोठ्याने म्हणालो, बाबांना एकटं ठेवणार नाही. कावळा आला. चौथ्या दिवशी मी मुंबईच्या विमानतळावर होतो.

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणात अडकला होता. अग्नी दादाने दिला.

मला झोप येईना तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, क्रूजचं नाव सुचवलं. जवळचं माणूस गेलेल्यांना आधार देणारी ही संस्था. 1959 साली विधवांसाठी सुरू झाली, आता सगळ्यांसाठी आहे. माझ्या वाट्याला एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या, स्वयंसेवक. पहिल्या दोन भेटींत मी हवापाण्याचंच बोललो. तिसऱ्यांदा कावळ्याची गोष्ट सांगितली. पिंड म्हणजे काय ते इंग्रजीत समजावताना फार वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, कावळ्याला नेमकं काय म्हणाला होतात? वाडीत हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, सगळे तिथेच उभे होते. म्हणूनच तिथे मला रडता येत नाही.

काल रात्री ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं, पार्क्सच्या आकड्यांसकट. पाठवायच्या आधी दादाचा वेगळा मेसेज आला. सोबत आमच्या घराचा फोटो, दाराला कुलूप, पडवीत ओल. "पावसाआधी कौला परतूक होयी. माणूस बघू?"

बघ, पैसे पाठवतो, मी लिहिलं.

"पैशाचा सोड. येतलस कधी?"

निळी टिक त्याला दिसली असणार.