सीट जाईल म्हणून जमिनीला हात लावू नका

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

अमळनेर तालुक्यातले एक जिभाऊ. सात एकर, कापूस आणि मका. पोरगी बारावी झालेली, भरपूर वाचणारी. तिला एका छोट्या खासगी लिबरल आर्ट्स (कला, समाजशास्त्रं, विज्ञान एकत्र शिकायची सोय असलेल्या) कॉलेजात सीट मिळाली. ऑफर लेटरच्या मागोमाग फोन आला, "सर, ४८ तासांत पन्नास हजार भरा, नाहीतर सीट पुढच्याला जाईल." जिभाऊ लगेच दोन एकराला गिऱ्हाईक शोधायला निघाले. मला एवढंच विचारलं, "कॉलेज चांगलं शे ना भाऊ?"

चांगलं असेलही हो! पण खिशातून शेवटी किती जाणार आणि तो पैसा कुठून येणार, हे आधी बघायचं. फोनवरचं पोरगं ते सांगणार नाही, त्याला टार्गेट आहे.

जिभाऊंचाच कागद घ्या. ट्युशन फी ७,८०,०००. होस्टेल आणि मेस २,४०,०००. एकूण १०,२०,०००. वर मोठ्या अक्षरात '३० टक्के स्कॉलरशिप'. ही सूट फक्त ट्युशन फीवर, म्हणजे २,३४,०००. एकूण खर्चावर ती २३ टक्केच पडते. उरले ७,८६,०००. जिभाऊंनी त्याला चारने गुणलं, ३१ लाख ४४ हजार. पण फी चार वर्षं तीच राहत नाही. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर जवळपास साडेपस्तीस लाख होतात. त्यात लॅपटॉप नाही, जाणं-येणं नाही, कॉशन डिपॉझिट नाही, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपला परगावी राहायचं भाडं नाही.

स्कॉलरशिपच्या पत्रात दोन गोष्टी शोधा. सूट टक्क्यांत आहे की ठरावीक रुपयांत? रुपयांत असेल तर फी वाढली तरी सूट तेवढीच राहते. आणि ती टिकवायला सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची सरासरी) किती लागतो? आपली पोरं अडकतात ती इथंच. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेलं पोर, दर आठवड्याला इंग्रजीतली शंभर-दीडशे पानं वाचायची, वर्गात उठून बोलायचं, लगेच निबंध लिहायचा. पहिल्या सेमिस्टरला मार्क पडतात. पोर हुशार असतं, फक्त त्याला सहा महिने लागतात. तेवढ्यात सूट गेली तर दुसऱ्या वर्षापासून पूर्ण फी. म्हणून लेखी विचारा: पहिलं वर्ष या अटीतून वगळलं आहे का? इंग्रजी लेखनाला मदत करणारं केंद्र आहे का, आणि तिथं माणूस बसतो का?

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे शेती. पण थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला बँका सहसा सातबारा धरत नाहीत. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, एफडी असलं काहीतरी हवं. गावठाणातल्या घराचा नुसता नमुना ८ (ग्रामपंचायतीचा उतारा) दाखवला तर बऱ्याच शाखा खळखळ करतात. शेवटी माणूस जमीन विकतो किंवा सावकाराकडे जातो.

समजा ३० लाख मिळाले, वर्षाला साडेसात, दर १० टक्के. शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, व्याज चालूच असतं. सरळ व्याजानेही ते साडेदहा लाख होतं. डोक्यावर साडेचाळीस लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिना साडेत्रेपन्न हजार. पोरीला पहिली नोकरी चाळीस हजारांची लागली, तर ती पुण्यात राहील कशी आणि हप्ता भरेल कशाने?

२०२४ ला पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्र सरकारची शैक्षणिक कर्जाची योजना आली. तिच्यात तारण नाही, जामीनदार नाही, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. चांगली गोष्ट आहे. पण ती ठरलेल्या यादीतल्या संस्थांनाच, आणि यादी मुख्यतः एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीवरून ठरते. आपलं कॉलेज तिथं आहे का ते पोर्टलवर बघा, एजंटला विचारू नका. राज्य सरकारच्या मुलींच्या फी माफीवरही विसंबू नका. ती कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांना आहे, खासगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत.

एवढं वाचून काही नातेवाईक खूश झाले असतील. जिभाऊंच्या घरी बसलेल्या एका मामांनी तेच ऐकवलं, "आर्ट्सला कोणी पैसे घालतं का? डीएड कर, नाहीतर लग्न कर." मामा, याचा मला त्या फोनपेक्षा जास्त राग आला. ज्या अमळनेरात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, जिथं साने गुरुजींनी पोरं शिकवली, तिथं आर्ट्स म्हणजे नापासांची लाइन? ही पोरगी कापसाच्या भावावर अर्थशास्त्राच्या अंगानं चार पानं लिहिते. तिला इतिहास, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकायचंय, वीस जणांच्या वर्गात, प्रत्येक निबंधावर शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाकडे. हे मागणं अगदी रास्त आहे.

हो, आपल्या अनुदानित कॉलेजात बीए काही हजारांत होते. पण किती ठिकाणी कला शाखा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चाललीय, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्या प्राध्यापकांचा दोष नाही, पण मानधन वेळेवर न मिळणाऱ्या माणसाकडून निबंधावर शेरे किती मागायचे?

छोटं खासगी कॉलेज तपासायचं तर माहितीपत्रक मिटवा आणि मागच्या दोन सेमिस्टरचं टाइमटेबल मागा. माहितीपत्रकात पंधरा मुख्य विषय असतात, प्रत्यक्षात काही विभागांत दोनच शिक्षक. त्यातला एक सोडून गेला की तिसऱ्या वर्षाचे पेपर लागत नाहीत. शिक्षकांच्या यादीत 'व्हिजिटिंग' किती ते मोजा. सर्वाधिक पॅकेज ऐकू नका, पगाराचा मधला आकडा विचारा, आणि तो किती जणांतला. चौथ्या वर्षाचंही बघा: तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं का? यूपीएससी-एमपीएससीच करायची असेल तर तीन वर्षं पुरतात, आठ-दहा लाख वाचतात. परदेशी मास्टर्सला मात्र चौथं वर्ष काही ठिकाणी लागतं.

आणि ते ४८ तास? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) फी परताव्याचे नियम आहेत. प्रवेश रद्द केला तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत, हे ईमेलवर घ्या. मूळ मार्कशीट ठेवून घ्यायचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. जिभाऊंना मी म्हटलं, गिऱ्हाईक परत पाठवा, आधी वाढीव स्कॉलरशिपचा अर्ज करा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, बँकेचं स्टेटमेंट, आणि एका पानावर खरा हिशोब: खरिपाला किती घातले, किती आले. शेतकऱ्याकडे सहसा आयटीआर (आयकर विवरणपत्र) नसतो, म्हणून कागदावर नुसती जमीन दिसते आणि समिती त्याला श्रीमंत समजते.

माझं मत स्पष्ट आहे. सगळी सूट वजा करून उरलेलं कर्ज पोरीच्या पहिल्या वर्षाच्या पगाराएवढं असेल तर डोळे झाकून पाठवा. दुपटीपर्यंत असेल तर घरात बसून विचार करा. त्याच्या वर नको, कॉलेज कितीही देखणं असो. मग सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय विद्यापीठ, नाहीतर पुण्या-मुंबईचं जुनं अनुदानित कॉलेज.

यंदा बारावीत असलेल्यांच्या आईबापांनी निकालाची वाट बघू नये. बऱ्याच खासगी ठिकाणी अर्जाच्या फेऱ्या दिवाळीच्या आसपासच सुरू होतात आणि मदतीचा पैसा पहिल्या फेऱ्यांत संपत जातो. मे महिन्यात जाणाऱ्याला सीट मिळते, सूट मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला दसऱ्याच्या आत काढून ठेवा. कोणाकडे आत्ता ऑफर लेटर असेल तर फीचं पान आणि स्कॉलरशिपचं पान, दोन्हींचे फोटो इनबॉक्सला टाका, नाव झाकून. हिशोब करून देतो.