एचडीआय अमर्त्य सेन यांनी काढला? थोडा खुलासा

परवापासून ग्रुपवर फिरतंय की मानव विकास निर्देशांक म्हणजे एचडीआय (देशातल्या लोकांचं आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न मिळून एक आकडा) अमर्त्य सेन यांनी शोधला आणि १९९८चं नोबेल त्यांना त्याच्यासाठीच मिळालं. मंडळी, हे बरोबर नाहीये. नोबेल मिळालं ते कल्याणाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी, आणि एचडीआय उभा केला तो महबूब उल हक यांनी.

हे हक पाकिस्तानचे, केंब्रिजपासूनचे सेन यांचे मित्र. आधी पाकिस्तानच्या नियोजन आयोगात होते, तेव्हा आर्थिक वाढीचा दर म्हणजेच सगळं असा जमाना होता, पण १९६८ साली त्यांनीच जाहीर सांगितलं की देशाचा बहुतेक उद्योग २२ घराण्यांच्या हातात आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो, आपलंच गणित चुकलं हे सांगायला हिंमत लागते. १९९० साली यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, पहिला मानव विकास अहवाल आला तो त्यांच्यामुळे. सेन यांनी मदत केली हे खरंच, पण सुरुवातीला त्यांचा विरोधच होता, माणसाचं आयुष्य एका आकड्यात कसं बसवणार म्हणून. हक यांचं म्हणणं, जीडीपीला (देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्याला) टक्कर द्यायची तर आपल्याकडेही एकच आकडा पाहिजे.

आणि तो आकडाही तसाच राहिला नाही बरं का. आधी आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न यांची साधी सरासरी काढायचे, २०१० पासून गुणोत्तर मध्य घेतात, म्हणजे तिन्ही आकडे गुणून त्याचं घनमूळ. म्हणजे आयुर्मान ०.९, उत्पन्न ०.९ आणि शिक्षण ०.३ असेल तर आधी ०.७ यायचं, आता साधारण ०.६२ येतं, पैशाने शाळेची उणीव पूर्वीइतकी झाकता येत नाही.

फॉरवर्ड केलेला मेसेज प्लीज दुरुस्त करून टाका, मुलं परीक्षेत तेच लिहितात.