जिलबी उचलणाऱ्या काकूंसाठी

आज विश्रामबागला एका बारशात माझ्या भाचीच्या ताटातली जिलबी एका काकूंनी भर पंगतीत उचलली. "पीसीओडी ना गं तुला? गोळ्या कशाला गिळतेस, तोंडावर ताबा ठेव!" पोरगी १६ वर्षांची. शेजारी तिचा धाकटा भाऊ तिसरी जिलबी खात होता, त्याला कुणी हटकलं नाही. (तिला विचारूनच लिहितेय.)

काकू, पीसीओडी म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार. तिला तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नव्हती. इतके दिवस अंगावर काढले तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, ते काकडी खाऊन उतरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात. पाळी नियमित येते, हनुवटीवरचे केस, मुरमं हळूहळू आटोक्यात येतात. पाकिटावर गर्भनिरोधक लिहिलंय म्हणून आजी घाबरली, "लग्नाआधी असलं काही नको, पुढं मूल व्हायचं नाही." या गोळ्यांनी मूल होण्याची ताकद जात नाही हो!

बरं, गोळ्यांनी मळमळतं, मेटफॉर्मिननं (मधुमेहाचं औषध, यातही देतात) पोट बिघडतं, गोळी थांबली की त्रास परत येऊ शकतो. मान्य. आहार, व्यायाम हवाच. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पण अमुकच आहार सगळ्यात भारी असं काही नाही, या आजारावरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे. आणि सडपातळ मुलींनाही हे होतं. त्यांच्या ताटातलं काय उचलणार?

राग कशाचा येतो सांगू? भाच्याला वाटीभर भडंग आणि हिच्यापुढं मोड आलेले मूग. एकाच घरात! जिलबी गेल्यावर ती तशीच उठली, रात्रीही जेवली नाही. अशी उपाशी राहणारी पोर मग चोरून खाते आणि स्वतःलाच शिव्या घालते. या आजारात अनेक मुली आधीच उदास होतात. टोमण्यांची भर कशाला?

काकूंच्या मनात वाईट नसेल. त्यांच्या वेळी "लग्न झालं की बसेल सगळं" एवढंच औषध होतं, त्यांनीही मुकाट्यानं सोसलं असेल.

वहिनी, तू वाचतेयस ना? भाकरी-उसळ सगळ्यांच्याच ताटात वाढ, दादाच्याही. आमराईत फिरायला तिला एकटीला पिटाळू नको, चौघं जा. गोळी तिनं कपाटाआड का घ्यायची? आणि बंद करायची की नाही, हे तिच्या डॉक्टरांना विचारू. बुधवारी मी येतेय सोबत.