सह्यांपुरते विश्वस्त: ‘एक कार्यकर्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विश्वस्त मंडळाने संस्थेला मार्गदर्शन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक कार्यकर्ता’ या नावाने प्रतिक्रिया लिहिलीत. बाकीच्या वाचकांसाठी ती आधी थोडक्यात सांगते. “विश्वस्तांच्या मार्गदर्शनाच्या गप्पा एसीत बसून मारायला सोप्या असतात, गावात संस्था चालवून बघा,” ही तुमची सुरुवात. तुमच्या संस्थेत 7 विश्वस्त आहेत, ते सह्या करतात, काम कार्यकर्ते करतात आणि 18 वर्षं सगळं सुरळीत चाललंय. तालुक्याच्या गावात हिशेब कळणारी, बिनपगारी वेळ देणारी माणसं मिळत नाहीत. घरचेच लोक विश्वस्त असले की निदान भांडणं होत नाहीत. आणि फेरफार अर्जाची मुदत मी 30 दिवस लिहिली, ती 90 दिवसांची आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेते. तुमचं बरोबर आहे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता एसीबद्दल.

हे वाक्य वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नव्हतं. राग अजून पूर्ण गेलेला नाही हेही सांगून टाकते. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याने आयुष्यात काय केलं असेल हे इतक्या खात्रीने कसं सांगता येतं? मुद्दा मांडायला हा टोमणा लागतच नव्हता. तो काढून टाकला असतात तर तुमची प्रतिक्रिया मी जास्त शांतपणे वाचली असती.

मी सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका संस्थेत 11 वर्षं हिशेब लिहिले. कार्यालय म्हणजे पत्र्याची एक खोली. मे महिन्यात खतावणीचं पान मनगटाला चिकटायचं. व्हाउचरं घेऊन कार्यकर्ते पाड्यांवरून चालत यायचे आणि पावसात भिजलेली बिलं मी दोरीवर वाळत घालायचे. तेव्हा गावातली संस्था कशी चालते हे मला कुणी शिकवू नये, एवढं म्हणायचा हक्क मला आहे असं मी समजते.

आमच्याकडेही 7 विश्वस्त होते. का 7? कारण 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला किमान 7 जण लागतात. म्हणून 7 जण गोळा केलेले. बैठक होत नसे. प्रोसिडिंग बुक शिपायाच्या सायकलवरून घरोघर जायचं आणि सह्या होऊन परत यायचं. इतिवृत्त मीच लिहायचे. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील याची मोजदाद नाही. एका बैठकीच्या तारखेला ज्यांची सही आहे ते गृहस्थ त्या दिवशी नाशिकला दवाखान्यात भरती होते. हे मला माहीत होतं. तरी मी ते पान लिहिलं. तुम्ही ज्याला ‘सुरळीत’ म्हणता ते असंच असतं, आणि मी त्याचा भाग होते.

मग एका वर्षी खजिनदार अचानक वारले. बँकेत दोन सह्या लागायच्या, त्यातली एक त्यांची. नवीन सहीसाठी बँकेने शेड्यूल एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतली विश्वस्तांची यादी, मागितला. उतारा काढला तर त्यावर जुनीच नावं. त्यातले दोघं आधीच वारलेले, एक कायमचे सुरतला गेलेले, आणि एकाही बदलाचा फेरफार अर्ज केलेला नाही. 90 दिवसांची मुदत तुम्ही मला सांगितलीत. आमची 6 वर्षांनी चुकली होती.

खात्यात पैसे होते, पण काढता येत नव्हते. 23 बालवाडीताईंचं मानधन 4 महिने थांबलं. त्यातली एक ताई एके दिवशी आली. हजेरीपट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. माझ्या टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाली, “ताई, माझी सही रोज आहे. तुमच्या लोकांची एक होत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लेखातलं प्रत्येक वाक्य मी त्या टेबलावरून लिहिलं आहे. तिथे एसी नव्हता.

माणसं मिळत नाहीत, असं तुम्ही म्हणता. कोणती माणसं शोधता तुम्ही? सीए, वकील, निवृत्त अधिकारी? लेखात मी तसं कुठेही म्हटलेलं नाही. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका इथे येते. त्या प्रकारानंतर आमच्या मंडळात पाड्यावरची एक पावरा आदिवासी बाई घेतली. शाळेत गेलेली नाही, सही कशीबशी. पहिल्याच बैठकीत अहवाल वाचून दाखवला: 60 कुटुंबांना प्रत्येकी 2 शेळ्या वाटल्या. ती म्हणाली, “म्हणजे 120. मग त्या चरतात कुठे? आमच्या पाड्यावर 20 दिल्या होत्या, मला तर 7 दिसतात.”

सगळे गप्प. कार्यकर्त्यांना वाटलं चोरीचा आरोप होतोय. तसं काही नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं की शेळ्या ऐन जूनमध्ये वाटल्या, पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची लस दिलेलीच नव्हती, आणि पहिल्याच पावसात निम्म्याहून जास्त मेल्या. आम्ही वाटलेल्या शेळ्या मोजत होतो, जगलेल्या नाही. पुढच्या वर्षी वाटप मार्चमध्ये आलं आणि अंदाजपत्रकात लसीची वेगळी ओळ आली. मार्गदर्शन म्हणतात ते हे. ते करायला तिला हिशेब यावा लागला नाही. ती तिथे राहत होती, आणि तिला विचारायची भीती वाटली नाही.

विश्वस्तांनी रोजच्या कामात लुडबुड करावी असंही मी म्हणत नाही. कोणत्या पाड्यावर कोण जाणार हे कार्यकर्त्यानेच ठरवावं. पण काही निर्णय असे असतात की ते त्याच्या एकट्याच्या माथी मारणं अन्याय आहे. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि आलेला परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देणं बंद झालं. मोठ्या संस्थांकडून पैसे घेऊन काम करणाऱ्या कितीतरी लहान संस्थांचा तो झरा एका झटक्यात आटला. अशा वेळी कोणतं केंद्र बंद करायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे महिना 9 हजारांवरच्या समन्वयकाने एकट्याने ठरवायचं? तुमच्या सातांपैकी कोण त्याच्या शेजारी बसलं होतं?

घरच्या विश्वस्तांबद्दल फार लिहीत नाही. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून लाभ पोहोचला तर आयकराची सवलत धोक्यात येते, आणि घरात ‘ही जीप कुणाची लावली?’ हे विचारणार कोण? बिनपगारी वेळेचं म्हणाल, तर वेळ नसेल त्याने नाव देऊ नये. यात चर्चेसारखं मला काही दिसत नाही.

तुमच्या 18 वर्षांच्या कामाबद्दल मला आदरच आहे, आणि तो तुमच्या सुरामुळे कमी झालेला नाही. पण एक कराच. तुमच्या संस्थेचा शेड्यूल एकचा उतारा काढा आणि त्यावरची सातही माणसं आज हयात आहेत का, तेवढं बघा. असतील तर इथे कळवा, तुमची प्रतिक्रिया मी लेखाच्या वर लावते. नसतील तर धर्मादाय कार्यालयात विलंब माफीचा अर्ज कसा करायचा ते मला माहीत आहे. 6 वर्षांचा आम्ही केला होता. मसुदा पाठवते.