कीबोर्ड येणार होता

परवा शनिवारी पुन्हा तेच. आमच्या न्यू जर्सीत उन्हाळा लागला की घरोघरी गॅरेज सेल सुरू होतात आणि मी सकाळी सातला गाडी काढून जुने व्हिडिओ गेम शोधत फिरतो. एका घरासमोर टेबलाखाली इंटेलिव्हिजनचा खोका दिसला. आत कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, गेमची चार-पाच कार्ट्रिज आणि घडी घातलेलं एक माहितीपत्रक. ते उघडायच्या आधीच मला माहीत होतं त्यात काय असणार. तरी उघडलं. तोच फोटो. कन्सोल एका भल्यामोठ्या मशीनच्या पाठीवरच्या खाचेत बसवलाय, पुढे टाइपरायटरसारखा कीबोर्ड, वर कॅसेटचा कप्पा. डोक्यात तिडीक गेली. दर वेळी जाते.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅटेल, म्हणजे बार्बी बनवणारी कंपनी. तिने १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात इंटेलिव्हिजन विकून पाहिला आणि १९८० मध्ये अमेरिकाभर आणला. नावच बघा, ‘इंटेलिजंट टेलिव्हिजन’चं संक्षिप्त रूप. किंमत ३०० डॉलरच्या आसपास, प्रतिस्पर्धी अटारीच्या कन्सोलपेक्षा चांगलीच जास्त. आणि कन्सोलला कन्सोल म्हणायचंच नाही, म्हणायचं ‘मास्टर कंपोनंट’. मुख्य भाग! म्हणजे दुसरा भाग मागून येणार, तो आला की हा खेळण्याचा डबा घरातला कॉम्प्युटर होणार. त्या दुसऱ्या भागाचं नाव कीबोर्ड कंपोनंट.

आता ३०० डॉलर मोजणाऱ्या आईबापाच्या जागी स्वतःला ठेवा. नुसत्या खेळासाठी एवढे पैसे कोण काढतं? पण पोरं पुढे कॉम्प्युटर शिकतील, घरचा हिशेब त्यावर मांडता येईल, असं कोणी छापून सांगितलं की हात खिशात जातो. तो फोटो तेवढ्यासाठीच छापला होता. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, तसला सगळा प्रकार. फरक एवढाच की इथे तुरीचे पैसे आधीच वसूल झाले होते.

आणि मशीन बोगस असतं तर मी एवढा चिडलोही नसतो. ते खरंच बनलं होतं हो! मॅटेलचे इंजिनिअर डेव्हिड चँडलर आणि त्यांच्या माणसांनी जीव ओतला होता त्यात. कन्सोलमध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीचा १६ बिटचा प्रोसेसर होताच, कीबोर्डच्या भागात वर दुसरा प्रोसेसर, ६५०२ नावाचा, घातला, ॲपल टू ज्याच्यावर चालायचा तोच. दोन प्रोसेसर एकमेकांशी बोलत काम करणार. कॅसेटचा भाग तर असा की आजही मान हलवावी. तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरला साधा टेपरेकॉर्डर जोडायचे आणि प्ले-रिवाइंडची बटणं आपणच दाबत बसायचं. इथे टेप पुढे न्यायची, मागे आणायची, हवा तो भाग शोधायचा, हे सगळं मशीन स्वतः करायचं. त्याच टेपवर एकीकडे प्रोग्रॅम आणि दुसरीकडे माणसाचा आवाज. पडद्यावर चित्र चालू असताना शिक्षक बोलतोय! फ्रेंच संभाषण शिकवणारी कॅसेट होती, व्यायाम करून घेणारी होती. हे १९८० च्या आसपास सुचलेलं आहे, हे विसरू नका.

मग माशी कुठे शिंकली? किमतीत. असलं मशीन स्वस्तात बनेना आणि भरवशाचंही होईना. ठीक आहे, होतं असं. मग सांगा ना लोकांना! चुकलो म्हणा, जमत नाही म्हणा. पण नाही. ‘येतंय, येतंय’ हेच पालुपद चालू आणि इकडे मास्टर कंपोनंटची विक्री जोरात. टीव्हीवर जॉर्ज प्लिम्प्टनसारखा नावाजलेला लेखक अटारीशी तुलना करून दाखवतोय, पोरं हट्ट धरतायत, आईबाप घेतायत. कंपनीच्याच १९८१ च्या ख्रिसमस पार्टीत जे लेनो या विनोदवीराने जगातल्या मोठ्या थापांमध्ये ‘कीबोर्ड वसंतात येतोय’ ही थाप घातली. आतली माणसं हसली असणार. बाहेर ज्यांनी पैसे भरले होते त्यांनी कुठे हसायचं?

त्याच सुमाराला सिअ‍ॅटल आणि न्यू ऑर्लीन्स या दोन शहरांत थोडी मशीनं विकायला ठेवली. किंमत ६०० डॉलर. नुसत्या दुसऱ्या भागाची! त्या वर्षी कमोडोरचा व्हिक-२० पुरा कॉम्प्युटर, कीबोर्डसकट, ३०० डॉलरला मिळत होता. लोकांनी तक्रारी केल्या, प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत गेलं, कमिशनने कंपनीला दंड लावला. तेव्हा कुठे १९८२ मध्ये प्रकल्प गुंडाळला. तोवर साधारण ४००० मशीनं बनली होती. मग विकलेली परत मागवली, पैसे परत दिले. ज्यांना ठेवून घ्यायचं होतं त्यांच्याकडून लिहून घेतलं की पुढे कंपनीची काही जबाबदारी नाही. म्हणजे तुम्हाला शब्द देणाऱ्याने जाताजाता तुमच्याकडूनच सही घेतली की त्याला शब्दाची आठवण करून देणार नाही!

आणि बदल्यात काय दिलं? १९८३ मध्ये एंटरटेनमेंट कॉम्प्युटर सिस्टिम नावाचा एक छोटा जोड. रॅम, म्हणजे कामाची मेमरी, २ किलोबाइट. दोन! कमिशनचा ससेमिरा सुटावा म्हणून कंपनीतल्याच दुसऱ्या गटाचं स्वस्त डिझाइन पुढे केलं. त्या गटाच्या इंजिनिअरांवर माझा राग नाही, त्यांना जेवढ्या पैशांत करायला सांगितलं तेवढ्यात त्यांनी केलं. त्याला ४९ पट्ट्यांचा पियानोसारखा कीबोर्डही जोडता यायचा, सुंदर वस्तू आहे, माझ्याकडे आहे. पण त्यावर वाजवायला संगीताचं कार्ट्रिज निघालं फक्त एक, मेलडी ब्लास्टर. एवढं वाद्य दिलं आणि गाणं एकच. १९८४ उजाडलं आणि मॅटेलने व्हिडिओ गेमचा धंदाच सोडला.

कोणी म्हणेल, एका कंपनीचं झालं असं. अजिबात नाही. बॅलीने आपल्या कन्सोलसाठी झीग्रास नावाच्या कीबोर्ड-मेमरीच्या जोडाचं गाजर दाखवलं, आला नाही. अटारीने १९८३ मध्ये आपल्या २६०० या कन्सोलसाठी ‘ग्रॅज्युएट’ नावाचा कीबोर्डचा जोड दाखवला, ९० डॉलरच्या आत देऊ म्हणाले, आला नाही. कोलेकोने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या कन्सोलसाठी सुपर गेम मोड्यूल नावाचा जोड दाखवला आणि उन्हाळ्यात तो बाजूला सारून ॲडम कॉम्प्युटरचा डांगोरा पिटला. निन्टेंडोने १९८५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डरसकट अख्खा संच मांडला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दुकानांत कन्सोल आला तेव्हा ते दोन्ही गायब. निन्टेंडोला मी थोडी सूट देतो, कारण त्यांनी आधी विकून मग हात वर केले नाहीत. विकण्याआधीच काढून टाकलं. निदान तेवढी लाज होती.

माझं दुखणं नेमकं हेच आहे. जमलं नाही याचा राग नाही. न जमणाऱ्या वस्तूचा फोटो दाखवून जमलेली वस्तू विकायची, याचा आहे. आणि हे चाळीस वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं तर माझ्या दिवाणखान्यातला टीव्ही बघा. घेताना खोक्यावर छापलं होतं, अमुक सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल. तीन वर्षं झाली. मदतकेंद्राला फोन केला तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणतो, ‘सर, आमची टीम त्यावर काम करतेय.’ त्याचा काय दोष, त्याला समोर लिहून दिलेलं तो वाचतो. पण मी ती सोय बघून शंभर डॉलर जास्त मोजले होते, ते कोणाच्या खिशात आहेत?

गेल्या वर्षी तर माझीच फजिती झाली. एका विक्रेत्याने अस्सल कीबोर्ड कंपोनंट आहे म्हणून मोठी किंमत लावली. फोटो अंधारातले. बायको म्हणाली, ‘अहो, नीट विचारून घ्या.’ विचारलं. छातीठोकपणे हो म्हणाला. मी पैसे पाठवले, पंधरा दिवस वाट बघितली. खोका आला तो हातात घेतल्याबरोबर कळलं, खरं मशीन एवढं हलकं असूच शकत नाही. आत १९८३ चा तो छोटा जोड. परत पाठवायला दीड महिना भांडलो आणि टपालाचा खर्च माझ्याच अंगावर पडला. म्हणजे ज्या मशीनच्या नावावर तेव्हा लोकांना फसवलं, त्याच मशीनच्या नावावर अजून फसवणं चालूच आहे!

शनिवारचा तो खोका मी घेतला. कन्सोल साफ केला, कंट्रोलरच्या तारा तपासल्या, बेसबॉल लावून बघितलं, झकास चालतो. माहितीपत्रक मात्र परत खोक्यात घातलं नाही. तळघरात कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय. त्या फोटोतल्या कीबोर्डची एकेक कळ स्पष्ट दिसते. फोटो काढणाऱ्याने उजेड फार चांगला पाडला होता.