वेप (ई-सिगारेट) जळकट लागला तर खोबरेल तेल टाकायचा मेसेज चुकीचा आहे

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपवर फिरतंय की वेप जळकट लागला म्हणजे लिक्विड खराब, दोन थेंब खोबरेल तेल टाका. भाऊ, अजिबात नका टाकू! तेलाची वाफ फुप्फुसात गेली की न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. जळकट चव येते ती कॉइलमधला (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतला) कापूस कोरडा पडून करपला म्हणून, समईतलं तेल संपल्यावर वात कशी काळी पडून धुरकटते अगदी तसंच, आणि एकदा करपलेला कापूस परत सुधरत नाही, कॉइलच बदलावी लागते. लिक्विडमधलं व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, ते दाट, ७०% असलं तर छोट्या कॉइलच्या कापसात पटकन मुरत नाही, तिथं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, हे पातळ असतं) आणि व्हीजी ५०-५० वालं पातळच लागतं. तरी कोरड्या कॉइलवर ओढत राहिलं तर फॉर्मल्डिहाइडसारखा विषारी वायू तयार होतो. अन् मेसेजमधलं 'वेपची विक्री कायदेशीर आहे' हेही खोटं, २०१९ च्या कायद्याने विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे.